दीड आण्याचे बापू

गांधीजी गारगोटीला आले ते दीड आण्याच्या तिकिटावरून, आणि तेही ते गेल्यावर. आमची थोरली आई, म्हणजे आजी, असं म्हणायची. हयातीत ते आमच्या भागाच्या अगदी कडेनं गेले होते. मार्च १९२७ मध्ये खादीच्या दौऱ्यावर ते कोल्हापुरात आले. रोजचा प्रवास आणि रोजच्या सभा यांनी शरीर थकलेलं होतं, आणि कोल्हापुरातच त्यांची प्रकृती ढासळली. निपाणीला पडून राहावं लागलं, पुढं काही दिवस आंबोलीच्या थंड हवेत काढावे लागले. कोल्हापूर, निपाणी, आंबोली ही तीन गावं नकाशावर रेघेनं जोडली तर गारगोटी त्या तिकोनाच्या कडेला येते. आमचे पणजोबा त्यांना बघायला बैलगाडी जुंपून निघाले होते. गाडी कोल्हापुरात पोचेपर्यंत महात्माजींनी अंथरूण धरल्याचं कळलं. पणजोबांनी एक खादीचा पंचा विकत घेतला आणि गाडी माघारी वळवली. तो पंचा आमच्या घरात पुढं कितीतरी वर्षं फक्त देवपूजेच्या वेळी बाहेर निघायचा.

या गोष्टी मी ऐकल्या त्या थोरल्या आईकडून, आजोबांकडून म्हणजे आबांकडून आणि थोरल्या आत्याकडून. तिघांच्या सांगण्यात तपशील थोडे इकडं-तिकडं व्हायचे, पण एका लिफाफ्याबद्दल तिघांचंही सांगणं अक्षरश: जुळायचं. तो लिफाफा आज माझ्याकडं आहे. त्यावरचं तिकीट तपकिरी रंगाचं, दीड आण्याचं.

आबांचं गारगोटीच्या पेठेत किराणा मालाचं लहानसं दुकान होतं. शिक्षण मराठी सातवी. त्या काळात तेवढ्यावर शाळामास्तर होता यायचं. आबा मास्तर झाले नाहीत, पण वाड्यावस्त्यांवरच्या माणसांना पत्रं वाचून दाखवणं आणि लिहून देणं हे काम आपसूक त्यांच्या दुकानाच्या फळीवर आलं. आमच्या भुदरगड तालुक्यातली तरणी पोरं मुंबईच्या गिरण्यांत होती. त्यांच्या मनिऑर्डरी यायच्या. मनिऑर्डरीच्या फॉर्मच्या चिठोऱ्यावर खुशालीच्या दोन ओळी असायच्या, आणि त्या दोन ओळी ऐकायला बायका डोंगर उतरून यायच्या. ऐकून झाल्या की म्हणायच्या, "आणखी एकदा वाचा की." आबा पुन्हा वाचायचे. उत्तर कार्डावर जायचं. कोपऱ्याला हळदकुंकू लावलेलं कार्ड लग्नाचं. कोपरा फाडलेलं कार्ड आलं, की पोस्टमन ते आबांच्या हातात ठेवायचा आणि घरच्या माणसांच्या तोंडाकडं न बघता निघून जायचा.

पाकिटाला तिकीट लावायची वेळ क्वचित यायची. कोर्टाचं काम, जमिनीची वाटणी, सोयरिकीतला तंटा, नाहीतर चारचौघांत उघडं पडू नये असं काहीतरी. म्हणून त्या तिकिटाकडं माणसं नीट बघायची. तिकिटावर लंडनचा राजा असायचा. कोल्हापूर संस्थानाला स्वतःचं टपाल नव्हतं, पोस्ट इंग्रजांचंच होतं. त्यामुळं गारगोटीच्या माणसाचं पत्र जायचं जॉर्ज बादशहाच्या मुखवट्यावर, आणि त्याचा कचेरीतला अर्ज जायचा कोल्हापूरच्या दरबाराच्या स्टॅम्पावर. एका माणसावर दोन राजे, आणि दोघांनाही पैसे मोजूनच चिकटवायचं.

राज्यकर्त्याच्या चेहऱ्याशी रयतेचं भांडण काय असतं, ते कोल्हापुरानं १९४२ मध्ये उघड दाखवलं. मुंबईचे माजी गव्हर्नर विल्सन यांचा पुतळा शहरात भर चौकात उभा होता. भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या दोघींनी त्याच्यावर डांबर ओतलं. पुढच्या वर्षी क्रांतिकारकांनी तो पुतळा फोडून टाकला, आणि १९४५ मध्ये त्याच जागी शिवाजी महाराज उभे राहिले. आज त्या चौकातून एस.टी. पकडायला धावणाऱ्या माणसाला खालची ही घडामोड माहीत नसते. थोरल्या आईला ती तोंडपाठ होती, आणि त्या दोघींचा विषय निघाला की ती हातातलं काम बाजूला ठेवून सांगायची. तिच्या दृष्टीनं बेचाळीसची सुरुवात मुंबईच्या गवालिया टँकवर झालीच नव्हती. ती त्या दोघींनी केली होती.

गारगोटीचं बेचाळीस मात्र रक्ताचं. १३ डिसेंबर १९४२. सरकारी कचेरी आणि खजिना ताब्यात घ्यायला क्रांतिकारक रात्री गावात शिरले. गोळीबार झाला आणि सात जण पडले. कापशीचे करवीरय्या स्वामी, भुदरगडातले नारायण वारके, मुरगूडचे तुकाराम भारमल आणि त्यांचे चार सोबती. काही जण निपाणीकडच्या गावांतून आलेले. गारगोटीशी त्यांचं नातं एवढंच, की त्या रात्री ते तिथं मरायला तयार होऊन आले होते. स्वामी आणि वारके ही दोन नावं पुढं आमच्या भागातल्या सूतगिरणीनं घेतली, त्यामुळं ती रोजच्या बोलण्यात राहिली. बाकीची तेरा डिसेंबरला ऐकू येतात.

आमचं दुकान कचेरीपासून फार लांब नव्हतं. त्या रात्री आबांनी दाराला आतून पोत्यांची थप्पी लावली आणि सगळ्यांना न्हाणीत बसवलं. थोरली आत्या तेव्हा चार-पाच वर्षांची. तिला गोळ्यांचे आवाज आठवत नाहीत; आपल्या आईच्या हाताचा तोंडावर दाबलेला तळवा आठवतो, आणि त्याला येणारा लसणाचा वास. सकाळी बाहेर आल्यावर आबांनी जे पाहिलं ते त्यांनी आम्हा मुलांना कधीच सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, "वयानं माझ्याएवढीच होती रं पोरं." त्याच्यापुढं त्यांना बोलता यायचं नाही.

त्या वर्षी देशभर टपालाच्या पेट्या जळाल्या, तारा तोडल्या गेल्या, टपालाच्या थैल्या लुटल्या गेल्या. पोस्ट म्हणजे सरकारची नाडी, ती आवळायची, असा हिशेब होता. आबांना तो पटायचा नाही. सरकारच्या पत्रांबरोबर गिरणीतल्या पोराचं कार्डही जळतं, असं त्यांचं म्हणणं. हा वाद त्यांनी चळवळीतल्या माणसांशीही घातला होता. मला दोन्ही बाजू समजतात. पण पत्र ऐकायला डोंगर उतरून आलेल्या बाईला "आज टपाल आलं नाही" हे सांगायचं काम ज्याच्यावर पडतं, त्याचं मत वेगळं असणारच.

देश स्वतंत्र झाला तरी तिकीट लगेच बदललं नाही. १५ ऑगस्ट १९४७ पासून पोस्टाच्या शिक्क्यात 'जय हिंद' आलं, पण तो शिक्का पडायचा राजाच्याच तोंडावर. पहिलं स्वतंत्र तिकीट, तिरंग्याचं, २१ नोव्हेंबर १९४७ ला निघालं. ते साडेतीन आण्याचं, परदेशी टपालासाठी. डिसेंबरात अशोकस्तंभाचं दीड आण्याचं आलं, आणि विमानाचं बारा आण्याचं. माणसाचा चेहरा अजून कुणाचाच नव्हता. कुणाचा यायचा ते मात्र कुणाला विचारावं लागलं नसतं.

मग ३० जानेवारी १९४८ उजाडला. शुक्रवार होता. गारगोटीत गांधीजींच्या खुनाची बातमी रात्री पोचली आणि चुली विझल्या. आपल्या घरातलं कुणी गेलं की पेटवत नाहीत, तशी ती रात्र गेली, असं थोरली आई सांगायची. दुसऱ्या दिवसापासून जे झालं ते मात्र ती आवाज खाली आणून सांगायची.

मारेकरी ब्राह्मण होता. तेवढ्यावरून कोल्हापुरात ब्राह्मणांची घरं, दुकानं, छापखाने पेटले. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. साताऱ्या-सांगलीकडंही तेच. शहरातली आग खेड्यांत उतरली. ज्या माणसानं आयुष्यभर हिंसेविरुद्ध शब्द खर्ची घातले, त्याच्या नावाचा जयजयकार करत माणसं काडी ओढत होती. संस्थानचं लोकनियुक्त मंत्रिमंडळ गेलं, कारभार कॅप्टन नंजाप्पा या प्रशासकाच्या हाती आला, न्यायमूर्ती कोयाजींची चौकशी समिती बसली. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं. इतिहासाच्या पुस्तकात हे एवढ्या ओळींत संपतं. आमच्याकडं ते कधी संपलेलं नाही, कारण ते कधी नीट बोललंच गेलं नाही. ज्यांनी जाळलं त्यांची नातवंडं आणि ज्यांचं जळलं त्यांची नातवंडं पुढं एकाच बाकावर शिकली. बाकावर हा विषय निघत नसे. तो निघायला हवा होता असं मला वाटतं. म्हणूनच हे लिहितो आहे.

वेदगंगेकाठच्या एका गावात एक मास्तर होते. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. त्यांच्या घरच्यांनी ते स्वतः सांगावं किंवा सांगू नये. आबांना सातवीपर्यंत आणणारे हेच. त्यांच्या घराला आग लागली तेव्हा ते, त्यांची बायको, म्हातारी आई आणि दोन मुलं मागच्या परसातून उसात शिरली. रात्री आबांनी त्यांना आमच्या घरी आणलं आणि माळ्यावर, भाताच्या कणगीआड ठेवलं. दोन रात्री. थोरली आई भाकरीची टोपली वर नेताना वरून शेणी रचायची, म्हणजे कुणी बघितलं तर जळण वाटावं. मास्तरांच्या आईचा खोकला थांबेना. तेव्हा खाली जात्यावर बसून थोरली आई रात्रभर रिकामं जातं ओढत राहिली. थोरली आत्या सांगते, "आई दळती, पण पीठ येत न्हाई, हे मला कळंना. विचारलं तर एक रट्टा बसला."

तिसऱ्या पहाटे आबांनी गाडी जुंपली. कोल्हापूरचा रस्ता धरायची सोय नव्हती, म्हणून निपाणीकडं गेले. निपाणी बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे संस्थानाबाहेर. तिथून मास्तर बेळगावला नातलगांकडं पोचले. जाताना त्यांनी आगीतून वाचलेली एक ट्रंक आमच्याकडं ठेवली. तिच्यात पुस्तकं, एक तांब्याचा गडू आणि देवघरातले दोन टाक होते. गाडी परतल्यावर आबांशी पेठेतली काही माणसं महिनाभर बोलत नव्हती. आबांनीही त्यांच्याशी बोलायची घाई केली नाही.

त्याच वर्षी १५ ऑगस्टला, स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवशी, गांधीजींची चार तिकिटं निघाली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. स्वतंत्र भारताच्या तिकिटावर आलेला हा पहिला माणूस. 'बापू' हा शब्द नागरी आणि उर्दू अशा दोन्ही लिप्यांत छापलेला, कारण हिंदुस्तानी दोन्ही लिप्यांत लिहावी हा त्यांचा शेवटपर्यंतचा आग्रह. छपाई स्वित्झर्लंडमधल्या कुर्व्हाझिए या छापखान्यात झाली. स्वदेशीसाठी आयुष्य वेचलेल्या माणसाचं तिकीट परदेशात छापलं, यावर तेव्हाही बोट ठेवलं गेलं. आपल्या नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यात १९२०च्या दशकापासून तिकिटं निघत होती, पण फोटोसारखा चेहरा उमटवणारी ग्रॅव्हुअर छपाई तिथं १९५२ मध्ये आली. कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ यांची तिकिटं त्या पद्धतीनं नाशिकला छापलेली पहिली. कारण समजलं तरी मला हे आजही टोचतं. चेहरा थोडा खरबरीत उमटला असता तरी चाललं असतं. नाशिकला छापायला हवं होतं. जो माणूस आलेली पाकिटं उलगडून त्यांच्या आतल्या कोऱ्या बाजूवर मजकूर लिहायचा, त्याला खरबरीत कागदाचं काय वाटणार होतं?

दहा रुपयांचं तिकीट गारगोटीत कुणी पाहिलं नाही. दहा रुपये ही तेव्हा तिकिटाला घालायची रक्कमच नव्हती. या चारही तिकिटांचे शंभर संच 'सर्व्हिस' असं वर छापून गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी वेगळे काढले होते. भारतीय तिकिटांतली ती सगळ्यात दुर्मीळ. त्यांतल्या दहा रुपयांच्या, एकमेकांना जोडलेल्या चार तिकिटांना २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे पाच लाख पौंड मिळाले. पेपरात ही बातमी वाचली तेव्हा आबा नव्हते. असते तर त्यांनी पहिल्यांदा विचारलं असतं, "त्या तिकिटानं पत्र कुणाचं नेलं?" कुणाचंच नाही. ती चार तिकिटं कधी कुठल्या पाकिटावर बसलीच नव्हती.

आमच्या दीड आण्याच्या तिकिटानं नेलं. गणपती विसर्जन होऊन थोडे दिवस झाले असतील. पोस्टमननं दुकानात पाकीट टाकलं. बेळगावचा शिक्का, मास्तरांचं वळणदार अक्षर, आणि उजव्या कोपऱ्यात बापू. आबा पाकीट न फोडता बराच वेळ बसून राहिले. ते घरात आणलं तेव्हा थोरल्या आईनं पहिल्यांदा मजकूर विचारलाच नाही. तिनं विचारलं, "हे तिकीट मास्तरांनी मागून घेतलंय, का पोस्टानं दिलंय?"

या प्रश्नापाशी तिघंही सांगताना थांबायचे. कारण तेव्हा पोस्टाच्या पेटीत दोन्ही होती. राजाची जुनी तिकिटं संपेपर्यंत खपवायची होती, आणि ती पुढच्या वर्षापर्यंत चालली. दीड आण्यात राजा मिळत होता, अशोकस्तंभ मिळत होता, बापू मिळत होते. ज्या माणसाच्या नावानं आपलं घर जाळलं गेलं त्याचा चेहरा मास्तरांनी आपल्या हातानं, आपल्या पैशानं, चिकटवला होता का? की खिडकीतून जे आलं ते लावलं?

पत्रात त्याबद्दल अक्षर नव्हतं. पत्र साधं होतं. आई गेल्याचं लिहिलं होतं. खोकला तिला घेऊनच गेला. नोकरीचं अजून काही जमलं नव्हतं. ट्रंकेतल्या पुस्तकांपैकी शाळेची पुस्तकं गावातल्या पोरांना वाटून टाका, ज्ञानेश्वरी तेवढी ठेवा, असं कळवलं होतं. कोणत्या पोराला कुठलं पुस्तक द्यायचं याची यादी होती. त्या यादीत एक नाव असं होतं की ज्याचा बाप आग लावणाऱ्यांत होता, आणि ते मास्तरांना माहीत होतं. त्या पोराला अंकगणिताचं पुस्तक द्यायचं होतं. "त्याला गणित चांगलं येतं," एवढंच पुढं लिहिलं होतं.

ही यादी मी पाहिली आहे. शाई फिकट झाली तरी वाचता येते. गांधीजींवर जगभर खूप लिहिलं गेलं, त्यातलं थोडंफार मी वाचलं. पण गांधी म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी ती ओळ दाखवीन. मास्तर काँग्रेसचे नव्हते. खादीही घालत नव्हते, असं आबा सांगत.

उत्तर लिहायला आबांना आठ दिवस लागले, आणि तिकीट घ्यायला गेले तेव्हा खिडकीपाशी ते अडले. बापू लावले तर मास्तरांच्या जखमेवर मीठ. राजा लावला तर त्यांनी पाठवलेल्याचा अवमान. शेवटी त्यांनी बापूच मागितले. पोस्टातल्या कारकुनाचा एक नेम होता. शिक्का मारताना तो ठसा तिकिटाच्या खालच्या कोपऱ्यावर पडेल असा हात आखडून मारायचा, म्हणजे चेहऱ्यावर शाई येत नसे. खात्याचा नियम उलटा, तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून ठसा स्पष्ट उमटला पाहिजे. पण तोंडावर हातोडा घालायला त्याचं मन धजत नव्हतं. राजाच्या वेळी त्याचा हात असा कधी आखडला नव्हता.

मास्तर पुन्हा कधी गावाला राहायला आले नाहीत. पत्रं मात्र येत राहिली. एकदा, साठ-बासष्टच्या सुमाराला, ते दोन दिवसांसाठी आले आणि आमच्याकडं उतरले. अंकगणिताचं पुस्तक मिळालेला मुलगा तोवर प्राथमिक शिक्षक झाला होता. तो सकाळी येऊन त्यांच्या पाया पडला. दोघं काय बोलले ते ऐकायला घरात कुणी थांबलं नाही. थोरल्या आईनं सगळ्यांना परड्यात पिटाळलं होतं.

मास्तर आले तेव्हाची गारगोटी बदललेली होती, आणि ती बदलणारा माणूसही गांधींच्याच वाटेवरून आलेला. जे. पी. नाईक जवळच्याच आजरा तालुक्यातले, बहिरेवाडीचे, ५ सप्टेंबर १९०७ चा जन्म. सविनय कायदेभंगात उडी घेतली, तुरुंगात गेले, आणि बाहेर आल्यावर धारवाडकडच्या उप्पीन बेटगेरीत खेड्याची सेवा करत बसले. कोल्हापूरचे व्ही. टी. पाटील आणि नाईक यांनी १९५२ मध्ये गारगोटीत मौनी विद्यापीठ उभं केलं. पाटगावच्या मौनी महाराजांचं नाव त्याला दिलं. बालवाडीपासून ग्रामीण उच्च शिक्षणापर्यंत सगळं एका आवारात, आणि तेही जिथं पावसाळ्यात बैलगाडीसुद्धा रुतायची अशा गावात. शिक्षणतज्ज्ञ चित्राताई नाईकांनी इथंच काम केलं. पुढं नाईक कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले, देशाच्या शिक्षणाचा तो मोठा अहवाल १९६६ मध्ये आला, पण आमच्या घरात त्यांची ओळख त्याआधीची होती. मास्तरांना आबांनी विद्यापीठाचं आवार फिरून दाखवलं. मास्तर शेताच्या बांधावर उभे राहून नांगर धरलेल्या विद्यार्थ्यांकडं बघत राहिले, आणि म्हणाले की ट्रंक आता इथंच ठेवा. ज्ञानेश्वरी सोडून बाकीची राहिलेली पुस्तकं तेव्हा विद्यार्थ्यांना दिली गेली.

२००७ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, टपाल खात्यानं जे. पी. नाईकांचं तिकीट काढलं. पाच रुपयांचं, म्हणजे साध्या पत्राला लागायचं तेवढ्याच किमतीचं. गारगोटीला याचा किती अभिमान वाटला ते मी पाहिलं आहे. पण तोपर्यंत पेठेत प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला होता. ते तिकीट लोकांनी घेतलं, काचेत बसवलं, अल्बममध्ये ठेवलं. पाकिटावर लावून बाहेरगावी धाडलेलं मला एकच आठवतं, ते मी धाडलं होतं, बेळगावला, मास्तरांच्या मुलाला.

तिकीट कुणाचं काढायचं याचे निर्णय दिल्लीत होतात. सल्लागार समिती असते, जयंत्या-शताब्द्यांचा हिशेब असतो, आणि सत्तेवर कोण आहे याचाही असतो. २०१५ मध्ये रोजच्या वापराच्या तिकिटांवरून इंदिराजी आणि राजीवजी उतरले आणि नव्या मालिकेत दुसरे चेहरे चढले. तेव्हा दोन्ही बाजूंनी बराच गदारोळ झाला. मला त्यात एकच गोष्ट खटकली. ते चेहरे कुणाकुणाची पत्रं घेऊन कुठं कुठं गेले, हा प्रश्न त्या वादात कुणीच काढला नाही. सन्मान तिकिटावर छापल्यानं पुरा होत नाही. १९६९ मध्ये, गांधींच्या जन्मशताब्दीला, ब्रिटननं स्वतःच्या तिकिटावर गांधींना आणलं. ज्यांच्या राजाचं तोंड आम्ही इतकी वर्षं चाटून चिकटवलं, त्यांच्या देशातली माणसं आपल्या पाकिटांवर गांधींना चिकटवू लागली. त्या तिकिटाचं चित्र बिमान मलिक या बंगाली कलावंताचं. आबांनी ही बातमी पेपरात वाचली तेव्हा ते दुकानात मोठ्यानं हसले, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला त्यांनी गूळ जरा जास्तच तोलून दिला, असं थोरली आत्या सांगते.

आता माझं एक मागणं आहे. तेरा डिसेंबरच्या सात जणांसाठी दिल्लीहून तिकीट निघेल तेव्हा निघो. त्याआधी टपाल खात्याला विशेष आवरण काढता येतं. स्थानिक घटना, संस्था, माणसं यांच्यासाठी अशी छापील पाकिटं निघतात, आणि त्या दिवसापुरता वेगळा शिक्काही करता येतो. सातही नावं छापलेलं पाकीट, गारगोटी पोस्टाचा १३ डिसेंबरचा शिक्का, आणि वर आज मिळतं ते साधं गांधींचं तिकीट. अर्जाचा मसुदा मी लिहिला आहे. हुतात्मा स्मारकावर दरवर्षी जमणाऱ्या मंडळींना तो वाचून दाखवला, आणि त्यांनी लगेच सह्या द्यायला सुरुवात केली.

थोरली आत्या आता नव्वदीला टेकली आहे. तिला मसुदा वाचून दाखवला. तिनं पुरता ऐकून घेतला आणि विचारलं, "पाकीट कोरं जाणार, का आत कायतरी घालणार?"

मी त्याचा विचारच केला नव्हता. आता केला आहे. ते सात जण वेगवेगळ्या गावांचे होते, त्यातली काही गावं आज सीमेपलीकडं कर्नाटकात आहेत. कापशीच्या शाळेतल्या मुलांनी मुरगूडच्या मुलांना लिहायचं, मुरगूडच्यांनी निपाणीकडच्या मुलांना, निपाणीकडच्यांनी गारगोटीला. आपल्या गावातून कोण गेलं होतं आणि त्याच्या घरी आज त्याच्याबद्दल काय सांगतात, ते घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहायचं. पहिल्या दोन शाळांच्या शिक्षकांशी बोलणं झालं आहे. कार्ड लिहायचं की पाकीट, पत्ता कुठल्या बाजूला लिहायचा, हे मुलांना शिकवावं लागेल. ते मी शिकवणार आहे.